सिग्नल तोडल्यावर: चौकातला पोलीस की खांबावरचा कॅमेरा?

पोलीस जागेवरच अडवतो. चूक ताजी असते, पाठीमागे बसलेल्या लेकरासमोर मान खाली जाते आणि पुढच्या चौकात पाय आपोआप ब्रेकवर जातो. ही जरब कॅमेऱ्याला नाही. पण पोलीस चोवीस तास उभा नसतो. तो दिसला की सगळे पांढऱ्या पट्ट्यामागे थांबतात, नसला की सुसाट. शिवाय ओळखीचा फोन किंवा ‘साहेब, बघा ना काहीतरी’ ही वाट उघडी राहते.

कॅमेरा ना ओळख बघतो, ना वेळ. केंद्राच्या 2021 च्या नियमांप्रमाणे गुन्ह्याची नोटीस 15 दिवसांत पाठवायची असते. त्याला चुकवायचे मार्ग मात्र वेगळे: नंबरप्लेट वाकवणे, आकड्यावर चिखल किंवा चिकटपट्टी, मागच्याचा पाय प्लेटवर. मला याचाच जास्त राग येतो, कारण असा माणूस कुणाला उडवून पळाला तर गाडी सापडणार कशी? काहीजण चलान साठवत लोकअदालतीची वाट पाहतात.

कायदा दोन्हीकडे एकच. 2019 च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम 184 मध्ये लाल दिवा तोडणं धोकादायक वाहन चालवण्यात मोडतं. पहिल्या वेळी 1000 ते 5000 रुपये दंड किंवा सहा महिने ते वर्षभर कैद, किंवा दोन्ही.

माझं मत कॅमेऱ्याला, पण शाळेजवळच्या चौकात सकाळी पोलीस हवाच.