अन्ननलिकेच्या जागी काय: जठर की मोठं आतडं?

टॉयलेट साफ करायचं ॲसिड पोटात गेलं की अन्ननलिका आकसू शकते. दुर्बिणीतून फुगा घालून ती रुंद करायचे प्रयत्न फसले, तर नवी वाट बांधावी लागते.

जठराची नळी करून मानेपर्यंत ओढणं तसं सुटसुटीत. रक्तपुरवठा भरवशाचा, अन्नमार्गात मुख्य जोड एकच. पण ॲसिड जठरालाही सहसा सोडत नाही, खालच्या तोंडाला तर नाहीच. भाजून आक्रसलेलं जठर मानेपर्यंत पुरणार कसं? पुरलं तरी आडवं झालं की आंबट पाणी घशाशी येतं.

मोठ्या आतड्याचा तुकडा लांब मिळतो, थेट घशापर्यंत पोचतो. त्यासाठी मात्र तीन जोड: वरचा, खालचा आणि उरलेल्या आतड्याचा. कापण्याआधी सर्जन, तुकडा ज्या धमनीवर जगणार ती सोडून, बाकीच्या धमन्यांना चिमटे लावून थांबतात: तुकडा गुलाबी राहतो का, आतड्याच्या कडेने जाणाऱ्या धमनीत ठोके लागतात का. ही काही मिनिटं मला सगळ्यात मोलाची वाटतात. पुढे काही वर्षांनी तुकडा सैल पडून वळणं घेऊ शकतो, मग अन्न रेंगाळतं.

जठर शाबूत असेल तर मी जठराच्या बाजूने; ॲसिडच्या रुग्णात बहुधा आतडंच.

घसाही भाजला असेल, तर काहीही निवडा, गिळणं नव्याने शिकावं लागतं: हनुवटी खाली, श्वास रोखून, एकेक चमचा दाट पेज. आणि ऑपरेशनची घाई नको. व्रण स्थिरावायला काही महिने लागतात. तोवर लहान आतड्यात घातलेल्या नळीतून पोषण द्यायचं.