‘क्रो कंट्री’ : आठ महिने आणि तीन फेऱ्यांनंतर

छोट्या हॉरर गेमबद्दल पहिल्याच आठवड्यात लिहिले, तर ते बहुतेक त्यातल्या दचकण्याबद्दलच होते. म्हणून मी मुद्दाम थांबलो. गेल्या आठ महिन्यांत ‘क्रो कंट्री’ मी तीन वेळा शेवटपर्यंत खेळलो. पहिल्या फेरीला सात तास लागले, दुसरी चार तासांच्या आत संपली आणि तिसरी दिवाळीच्या सुट्टीत भाचीबरोबर झाली. कोपऱ्यामागे काय उभे आहे हे पाठ झाल्यानंतरही हा गेम पुन्हा सुरू करावासा का वाटतो, ते सांगण्यासाठी हे लिहीत आहे.

एसएफबी गेम्स या ब्रिटिश स्टुडिओने हा गेम मे २०२४ मध्ये आणला. याच मंडळींनी पूर्वी ‘स्निपरक्लिप्स’सारखा हसतखेळत सोडवायचा कोड्यांचा गेम केला होता, आणि कोडी रचण्याचा तो हात इथेही जाणवतो. काळ १९९० चा, स्थळ अमेरिकेतील जॉर्जिया राज्यातले, दोन वर्षांपूर्वी बंद पडलेले एक मनोरंजन उद्यान. उद्यानाचा मालक एडवर्ड क्रो बेपत्ता आहे आणि मारा फॉरेस्ट नावाची तरुणी त्याच्या शोधात फाटकाशी येऊन गाडी थांबवते. कथेबद्दल याहून अधिक लिहिणे नव्या खेळाडूवर अन्याय करणारे ठरेल.

मूळ प्रेरणा कुठली, हे पहिल्या पाच मिनिटांत कळते. शाळेत असताना कोल्हापुरात आमच्या गल्लीच्या टोकाला तासाच्या भाड्याने प्लेस्टेशन खेळायला मिळत असे. तिथे गिऱ्हाइकाला खेळ साठवून ठेवणारे मेमरी कार्ड देत नसत, त्यामुळे एका वाड्यात घडणारा १९९६ चा ‘रेसिडेंट ईव्हिल’ हा हॉरर गेम आम्ही रोज पहिल्या दालनापासून सुरू करायचो आणि तास भरला की उठायचो. त्या वाड्याचा उरलेला भाग मी पाहिला तो थेट नोकरीला लागल्यावर. त्या गेममध्ये सेव्ह करायलाही टाइपरायटरची रिबन खर्ची पडत असे आणि सामान ठेवायला मोजकेच कप्पे असत. ‘क्रो कंट्री’ने हे दोन्ही जाच काढून टाकले आहेत. आग पेटलेली दिसेल तिथे हवे तितक्या वेळा सेव्ह करता येते आणि किल्ली घेण्यासाठी औषध टाकून द्यावे लागत नाही. कॅमेराही जागच्या जागी खिळलेला नसून वरून चहूबाजूंनी फिरवता येतो. यामुळे भीती पातळ होईल असे मला वाटले होते, पण तसे झाले नाही.

त्याचे कारण नेम धरण्याच्या पद्धतीत आहे. पिस्तूल उचलले की माराचे पाय थांबतात. मग नेम आपणच, वरखाली आणि डावीउजवीकडे, हळूहळू सरकवत न्यायचा, आणि तोवर समोरचे लांबलचक हातापायांचे ते प्राणी लडखडत जवळ येत राहतात. पहिल्या फेरीत एका अरुंद वाटेवर मी तीन गोळ्या घाईने वाया घालवल्या, चौथी लागली, आणि तोपर्यंत ते अंगावर आले होते. दुसऱ्या फेरीत त्याच वाटेवर मी पिस्तूल काढलेच नाही, बाजूने पळून गेलो. थांबायचे की पळायचे हा निर्णय दर वेळी नव्याने घ्यावा लागतो, आणि जुन्या गेममधली भीतीही याच निर्णयात होती.

दिसण्याबद्दल एक गोष्ट नमूद केली पाहिजे. जुन्या प्लेस्टेशनवर आकृत्यांच्या कडा थरथरायच्या आणि दूरचे काही दाखवता येत नसे. ‘सायलेंट हिल’ या त्या काळच्या हॉरर गेममधले प्रसिद्ध धुके बऱ्याच अंशी त्या मर्यादेतूनच आले. इथे ती मर्यादा नाही, तरी बाहुल्यांसारखी सुट्या अवयवांची माणसे आणि दाणेदार पडदा मुद्दाम निवडला आहे. या धूसरपणामुळे भिंतीशी पडलेली वस्तू खेळणे आहे की आणखी काही, हे जवळ गेल्याशिवाय कळत नाही.

तिसऱ्या फेरीत शत्रू नसलेला ‘एक्स्प्लोरेशन’ प्रकार निवडला, कारण भाची बारा वर्षांची आहे. मी सवयीने उद्यानातल्या फेअरीटेल टाउन या भागातून पुढे निघालो, तर ती म्हणाली, “मामा, थांब ना, ती पाटी वाचायची राहिली.” तिच्या आग्रहामुळे कर्मचाऱ्यांच्या चिठ्ठ्या आणि भिंतींवरच्या सूचना आम्ही सावकाश वाचल्या. दोन फेऱ्यांत मला न सापडलेली चार गुपिते तिने वहीत टिपणे काढून शोधली. उद्यानात अशी एकूण १५ गुपिते आहेत. शेवट माहीत असताना त्याच चिठ्ठ्या वाचल्या की साध्या तक्रारीचा अर्थ पार बदलतो, आणि इतके जपून केलेले लेखन मला मोठ्या गेममध्येही क्वचितच आढळले आहे.

उणिवाही आहेत. कचऱ्याचे डबे आणि व्हेंडिंग मशीन तपासत गेल्यास गोळ्या इतक्या मिळतात की उत्तरार्धात चणचण राहत नाही. मोठ्या शत्रूंशी होणाऱ्या लढती मोजक्या आहेत आणि त्या कोड्यांच्या तोडीच्या नाहीत. मजकूर मराठीत नसल्यामुळे भाचीला काही चिठ्ठ्या मला मराठीत सांगाव्या लागल्या.

नव्याने घेणाऱ्यांनी पहिली फेरी शत्रूंसह, हेडफोन लावून आणि शक्यतो दोन बैठकांत पूर्ण करावी. मध्ये आठवडा गेला की कुठले दार कुठे बंद होते ते विसरायला होते. अडल्यास इशारे देणारे कावळ्याचे यंत्र आहे, पण त्याचे इशारे मोजके असल्याने आधी शेजारच्या खोलीतली चिठ्ठी पुन्हा वाचावी. आम्ही दोनदा अडलो, तेव्हा तेवढ्यावरच भागले.