सीटीआरआय : ब्लड कॅन्सरची फेज १ ट्रायल शोधायला कितपत उपयोगी?

पाचपैकी साडेतीन तारे. सीटीआरआय म्हणजे भारतातल्या क्लिनिकल ट्रायलची, माणसांवरच्या औषध-उपचारांच्या चाचण्यांची, सरकारी ऑनलाइन नोंदवही. फुकट आहे, लॉगिन लागत नाही, आणि भारतात ट्रायलची नोंदणी १५ जून २००९पासून सक्तीची असल्याने रिलॅप्स झालेल्या, म्हणजे आजार उलटलेल्या, पेशंटच्या पुण्यातल्या घरच्यांनी सुरुवात इथूनच करावी. सगळं इंग्रजीत, आणि मांडणी तलाठ्याच्या दप्तरासारखी.

नुसतं ‘ब्लड कॅन्सर’ टाकून भागत नाही. फाइलवरचं नेमकं निदान टाका. नोंदीत आयसीडी-१०चा, म्हणजे आजारांच्या जागतिक यादीतला, कोडही असतो: एएमएल (ल्युकेमियाचा एक वेगाने वाढणारा प्रकार) म्हणजे सी९२.०, मायलोमा (बोन मॅरोतल्या प्लाझ्मा पेशींचा कॅन्सर) म्हणजे सी९०.०. शोधून आलेल्या यादीत फेज १ किंवा १/२ (पहिला-दुसरा टप्पा एकत्र) असलेल्याच नोंदी उघडा.

शीर्षकात अडकू नका. रिक्रूटमेंट स्टेटस (पेशंट घेणं चालू की बंद) दोन दिसतात, जगाचं आणि भारताचं; आपल्या कामाचं भारताचं. ‘लास्ट मॉडिफाइड’ची तारीख वर्षभर जुनी असेल तर ‘ओपन’ या शब्दावर विसंबू नका. केंद्रांच्या यादीत पुणे आहे का, आणि त्याच केंद्राच्या एथिक्स कमिटीची (पेशंटचं हित बघून ट्रायलला परवानगी देणारी समिती) मंजुरी आली आहे का, हेही बघा.

दीड तारा कापला तो एकाच गोष्टीसाठी: जागा आहे की नाही, हे इथे कळत नाही. फेज १चा पहिला हेतू सुरक्षित डोस ठरवणं. त्यासाठी वापरतात त्या ३+३ पद्धतीत तिघांना एक डोस देऊन बहुधा २१ किंवा २८ दिवस थांबतात. एकाला गंभीर त्रास झाला तर त्याच डोसवर आणखी तिघे; दोघांना झाला तर डोस वाढवणं बंद. या थांबण्याच्या काळात ट्रायल ‘ओपन’ असूनही नवा पेशंट घेत नाहीत.

म्हणून नोंदीतल्या नंबरवर फोन करायचाच. हाताशी बोन मॅरोचा ताजा रिपोर्ट, सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), क्रिएटिनिन (किडनीसाठी), बिलिरुबिन (लिव्हरसाठी), टू-डी एको (हृदयाची तपासणी) आणि शेवटच्या केमोची तारीख ठेवा. बरेच जण या तारखेवरच अडकतात, कारण आधीचं औषध अंगातून जाईपर्यंत, अनेकदा दोन आठवडे, थांबावं लागतं. चालू इन्फेक्शन किंवा मेंदूपर्यंत गेलेला आजार असेल तर बहुतेक ठिकाणी नकारच.

ट्रायलमुळे इजा झाली तर २०१९च्या नियमांनुसार उपचार मोफत. प्रवासखर्चाचं मात्र आधीच विचारा. केंद्र नवी मुंबईत खारघरचं ॲक्ट्रेक (टाटा मेमोरियलचं कॅन्सर केंद्र) निघालं तर मुक्कामाचंही: पहिल्या डोसनंतर अर्धा, एक, दोन, चार, आठ तासांनी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा रक्त घेतात, असं वेळापत्रक असेल तर त्याच दिवशी पुण्याला परतणं जमत नाही.