आइसक्रीम वेल मुळापासून काढायची, तर चार दातांचा गार्डन फोर्क घ्यावा का?

कुंपणावर गुलाबी झुपक्यांनी लगडलेली आइसक्रीम वेल देखणी दिसते, म्हणून नर्सरीतून हौसेने आणली जाते. मूळची ती मेक्सिकोची. चांगला पाऊस झाला की पेरू, जास्वंद, जाई जे मिळेल त्यावर चढते आणि वरून पानांचं असं पांघरूण घालते की खालच्या झाडाला ऊनच मिळत नाही. छाटली की पुन्हा फुटते, कारण तिचा साठा जमिनीखाली कंदांत असतो. त्यामुळे हत्यार घेताना एवढंच पाहायचं, की कंद त्याने अख्खा वर येतो की त्याचे तुकडे होतात.

कुदळ आणि फावडं इथे नको. त्यांचं पातं कंद चिरतं आणि डोळा असलेला तुकडा मातीत राहिला की पंधरवड्यात तिथून कोंब येतो. एका वेलीच्या जागी चार वेली होतात त्या अशा. फोर्कचे दात कंदाच्या बाजूने खाली सरकतात आणि मातीसकट त्याला उचलतात. या कामाला फोर्क घ्याच, पण घेताना दोन गोष्टी नीट बघा.

पहिली म्हणजे मान, म्हणजे दात आणि दांड्याची नळी जिथे जुळतात ती जागा. पत्र्याचे दात वेल्डिंगने जोडलेला स्वस्त फोर्क कुंडीतली माती हलवायला ठीक आहे, पण कंदाखाली घालून दांडा मागे ओढला की सगळा जोर मानेवर येतो आणि जोड तिथेच उघडतो. दात आणि नळी एकाच लोखंडातून ठोकून काढलेली असतील तोच फोर्क घ्या. जोडावर वेल्डिंगचे मणी दिसले तर तो परत ठेवा. दुसरी गोष्ट दातांची लांबी: २५ ते ३० सेंमी हवी. हातात मावणारा तीन दातांचा छोटा फोर्क कंदापर्यंत पोचतच नाही, तो बियांची रोपं उपटायला ठेवा.

कामाला हात घालायचा तो वाफशावर. मूठभर माती दाबली की गोळा व्हावा आणि बोटाने टोचला की फुटावा. काळी माती सुकल्यावर विटेसारखी होते आणि दात वाकतात. चिखलात फोर्क घातला तर गोळेच्या गोळे वर येतात आणि कंद त्यात दडून राहतात.

आधी वेल जमिनीपासून एक वीत वर कापा. वरचा पसारा लगेच ओढू नका, ताणे जास्वंदीच्या फांद्यांना घट्ट धरून असतात आणि फांद्या मोडतात. आठ-दहा दिवसांत वेल वाळली की कुरकुरीत होऊन हाताने सुटते. खाली राहिलेला वीतभर खुंट कंद कुठे आहे ते दाखवतो. त्याच्यापासून हातभर लांब फोर्क उभा रोवा, पायाने पूर्ण दाबा, दांडा थोडा मागे घ्या आणि माती सैल झाली की थांबा. असं चारही बाजूंनी करा, मगच उचला. एकाच बाजूने जोर लावून उपटायला गेलं की मूळ तुटतं आणि खालचा कंद तिथेच राहतो. एक कंद निघाला म्हणजे काम झालं असं समजू नका. जाड मुळांचा माग बोटांनी घेत जा.

कोकणातल्या जांभ्याच्या जमिनीत मात्र फोर्क हतबल आहे. तिथे आधी चपट्या टोकाची पहार पाजवून घ्या, तिने दगड सैल करा, मग फोर्क. कंपाउंडच्या भिंतीखाली शिरलेला कंद दोन्हींच्या आवाक्याबाहेर असतो. त्याचा प्रत्येक कोंब पान उघडण्याआधी खुडत राहावं लागतं, दर आठवड्याला, एखाद वर्षही. कंटाळून मीठ किंवा डिझेल ओतू नका. मिठाने भिंतीचं प्लास्टर सुटतं, आतल्या सळ्या गंजतात, माती नासते ती वेगळीच. दुकानात ग्लायफोसेट या तणनाशकाची बाटली पुढे करतील, पण २०२२ पासून केंद्र सरकारने त्याचा वापर परवानाधारक कीड नियंत्रण करणाऱ्यांपुरता ठेवला आहे. शिवाय वेल ज्या झाडावर चढली आहे, त्याच्या हिरव्या पानांवर फवारा पडला की तेही जातं.

निघालेले कंद कंपोस्टमध्ये टाकू नका, तिथे ते आनंदाने रुजतात. पत्र्यावर कडक उन्हात सुरकुतून वाळेपर्यंत पसरा. बी धरलेले झुपके वेगळ्या पिशवीत भरा. तीन कडांचं तपकिरी बी पाण्यावर तरंगतं आणि पन्हळीतून शेजाऱ्याच्या अंगणात पोचतं. मोकळ्या जागेवर पुठ्ठे अंथरून त्यावर चार बोटं पालापाचोळा घाला आणि पुढच्या पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी रोपं बघा. मधमाश्यांचं खाणं तुटू नये म्हणून त्याच कुंपणाकडेला तुळस आणि सब्जा लावा.

फोर्क धुऊन, कोरडा करून दातांना तेलाचं बोट फिरवून ठेवा. लाकडी दांड्याची खिळ दर हंगामात तपासा. आधी सैल होते ती तीच.