घरचा टॅको मसाला: एक पावसाळा काढल्यानंतर

उन्हाळ्यात लिहिलं असतं तर पाचपैकी पाच तारे दिले असते. आषाढात दोन. आता मार्गशीर्ष लागलाय आणि मी चारवर येऊन थांबलेय. टॅको म्हणजे मक्याच्या शेलमध्ये मसालेदार सारण भरून खायचा मेक्सिकन पदार्थ; त्याच्या मसाल्याची कृती सगळ्यांना माहीत आहे: मिरची, जिरं, ओरेगॅनो, कांदा-लसणाची पूड, मिरे, मीठ. ती पुन्हा सविस्तर सांगत बसत नाही. मला बोलायचंय ते पावसाळ्यात बरणीत होणाऱ्या ढेकळांबद्दल.

घरी करायला घेतला तो निव्वळ हिशेबापोटी. तयार पुडीच्या मागची बारीक अक्षरं एकदा चष्मा लावून वाचली, तर मीठ, मक्याचा स्टार्च, माल्टोडेक्स्ट्रिन (स्टार्चपासूनच केलेली पूड) आणि साखर यांचीच गर्दी. म्हणजे मसाल्याच्या भावाने मीठ आणि स्टार्च विकत घ्यायचा! शिवाय अमेरिकेत 28 ग्रॅमची एक पुडी एक पाउंड, म्हणजे 454 ग्रॅम खिम्याला धरतात. आमच्याकडे खिम्याच्या जागी सोया ग्रॅन्युल्स. (माळव्यात राहून सोयाबीन चुकवणार कसं, त्याची राष्ट्रीय संशोधन संस्थासुद्धा इंदुरातच आहे.) सोया मसाला पितो, एका पुडीत भागत नाही. दोन पुड्या फोडल्या की मीठही दुप्पट होतं आणि मग सगळे पाण्याचे तांबे शोधत फिरतात.

सामान इंदूरच्या सियागंज बाजारातून आणलं. रंगासाठी काश्मिरी मिरची आणि तिखटासाठी थोडी निमाडी. खरगोनकडची बेडियाची मिरची मंडी इथून फार लांब नाही, त्यामुळे मिरचीची ददात नसते. एक सावधगिरी मात्र हवी. अमेरिकन पाककृतीत जी चिली पावडर चमच्याचमच्याने सांगतात, ती नुसती मिरची नसते. जिरं, ओरेगॅनो, लसूण त्यात आधीच असतं. विल्यम गेबहार्ट नावाच्या जर्मनीतून आलेल्या गृहस्थाने 1890च्या दशकात टेक्सासातल्या न्यू ब्राउनफेल्स गावी तशी पूड विकायला काढली, आणि टॅको मसाल्याचं घराणं तिथलंच, मेक्सिकोपेक्षा टेक्सासचं जास्त. त्यांच्या मापाने आपलं लाल तिखट घातलंत तर शेजाऱ्यांनाही ठसका लागेल.

माझं माप आता बसलंय: काश्मिरी मिरचीची पूड चार मोठे चमचे, भाजलेल्या जिऱ्याची तीन, ओरेगॅनो दोन, धनेपूड एक, निमाडी तिखट आणि मिरपूड एकेक छोटा चमचा. मीठ बरणीत घालत नाही, ते कढईत. कांदा-लसूण आणि हिंगाचं पुढे सांगते. शंभर ग्रॅम कोरड्या सोयाला यातले दोन मोठे चमचे पुरतात. जिरं अख्खं आणून मंद आचेवर भाजायचं आणि पूर्ण गार झाल्यावरच मिक्सरच्या चटणीच्या भांड्यात फिरवायचं. हा वास एकाही पुडीला येत नाही, एवढ्यासाठी सगळा खटाटोप माफ.

ओरेगॅनोबाबत आमच्या घरच्यांचा सल्ला असा होता की पिझ्झाबरोबर फुकट आलेल्या पुड्यांनी ड्रॉवर भरलाय, त्याच वापर. काटकसर मलाही आवडते, पण त्या पुड्यांवर ओरेगॅनोपुढे ‘सीझनिंग’ असं बारीक छापलेलं असतं आणि आत मिठासकट बाकीचं बरंच काही. त्या पराठ्यावर संपवल्या आणि सुट्टा ओरेगॅनो आणला. तोही खरा मेक्सिकन नव्हेच. तिकडचा ओरेगॅनो व्हर्बिना कुळातला, आपल्याला मिळतो तो पुदिन्याच्या कुळातला. फरक असेल, पण राजमा-सोयात तो हुडकून काढणारी जीभ आमच्या घरात नाही. चिमूटभर ओवा चुरडून घातला तर तो तिखटसर, उग्र झोक थोडा येतो. चिमूटच, नाहीतर भजी खाल्ल्यासारखं वाटतं.

उन्हाळाभर मजा आली. उकडलेले बटाटे, मखाणे, भाजलेले शेंगदाणे, सगळ्यावर भुरभुरवला. सुट्टीत भाचरं आली होती, त्यांनी मक्याच्या शेल्स बाजूला ठेवून पोळीच्याच गुंडाळ्या करून खाल्ल्या. एकच तक्रार होती, सारणाला पाणी सुटायचं. तेव्हा कळलं की पुडीतला तो स्टार्च अगदीच फुकट नसतो, मसाला त्यामुळे सारणाला धरून राहतो. उपाय सोपा आहे: शेवटी एक छोटा चमचा कॉर्नफ्लॉर पाण्यात कालवून घालायचा. बरणीत आधीपासून कालवून ठेवायची काही गरज नाही.

पोह्यांवर घालून पाहिला आणि तो प्रयोग तिथेच संपला. पोह्यांवर घालायच्या इंदुरी मसाल्यात, जिरावणात, काळं मीठ असतं, आमचूर असतं, जिभेला झटका बसतो. टॅको मसाल्यात आंबट काहीच नाही, लिंबू पिळल्याशिवाय तो जागाच होत नाही. इंदूरच्या पोह्यांना जिरावणच हवं, यावर आमच्या घरी कधी नव्हे ते एकमत झालं.

मग मृग बरसला. जूनअखेरीस बरणी उलटी केली तर आतून काही पडेना. वरचा थर भुसभुशीत आणि खाली वीट. चमचा वाकला. सुरीने टोचून ढेकळं काढली, खलबत्त्यात कुटली, आठवड्यात पुन्हा तेच. तांदळाचे दाणे घातले, तेही मसाल्यात चिकटून बसले. फ्रिजमध्ये ठेवली तर आणखी वाईट: गार बरणी बाहेर काढून उघडली की दमट हवेचं पाणी थेट मसाल्यावर बसतं. जूनमध्ये ऊन मागायचं कोणाकडे?

दोष कोणाचा हे शोधायला सगळे जिन्नस वेगवेगळ्या वाट्यांत घालून ओट्यावर उघडे ठेवले. दुसऱ्या दिवशी मिरची, जिरं, ओरेगॅनो सुटे. धने सुटे. लसणाची पूड चिकट आणि कांद्याची तर चामड्यासारखी. कांदा-लसणात साखरेच्या जातीचे पदार्थ भरपूर असतात, वाळवून पूड केली की ते हवेतली ओल ओढतात आणि कण एकमेकांना धरतात. कंपन्या म्हणूनच सिलिकॉन डायऑक्साइड घालतात. पुडीवर ‘अँटीकेकिंग एजंट 551’ लिहिलेलं असतं ते हेच. तोवर मी त्या आकड्याला नावं ठेवत होते, त्यानंतर मात्र थोडा आदर वाटायला लागला.

नवी कांदापूड ऑनलाइन मागवली, म्हटलं जुनी शिळी असेल. आली ती पाकिटातच दगड होऊन. ग्राहकसेवेतल्या बाईंचं उत्तर: ‘मॅम, यह प्रोडक्ट का नैचुरल नेचर है.’ फोटो पाठवले, पाकीट टेबलावर आपटतानाचा व्हिडिओसुद्धा पाठवला. खाद्यपदार्थ परत घेत नाहीत म्हणाल्या. मी म्हटलं, परत घेऊ नका, खाऊन दाखवा. चॅट बंद झालं. पैसे गेलेच, वर ‘आपका अनुभव कैसा रहा’ म्हणून मेसेज आला. सियागंजातल्या दुकानदाराने निदान खरं सांगितलं: ‘भाभीजी, बारिश में यह मत लो, दिवाली बाद आना.’

सुटका झाली ती सासूबाईंमुळे, आणि तीही त्यांच्या मनात नसताना. कांदेनवमीला भजी, थालीपीठ, भरल्या कांद्याचं कालवण असं सगळं यथासांग झालं आणि संध्याकाळी त्यांनी जाहीर केलं, ‘आता चंपाषष्ठीपर्यंत तुझी ती बरणी माझ्या पानाजवळ आणू नकोस.’ पण टॅको त्यांनाही आवडतात, हे त्या कबूल करत नसल्या तरी. म्हणून त्यांच्यापुरता मसाला कांदा-लसणाशिवाय केला आणि त्यात पाव चमचा हिंग घातला. आपल्याकडे लसणाची उणीव हिंगच भरून काढतो. एवढं करूनही वर त्यांनी सवयीने हिंगाचा खडा टाकलाच, कीड लागू नये म्हणून. मला वाटलं आता सगळ्याला वरणाचा वास येणार.

श्रावण आणि भाद्रपद दोन्ही बरण्या शेजारी शेजारी होत्या. माझीची वीट. त्यांची शेवटच्या चमच्यापर्यंत भुरभुर. हिंग शिजल्यावर असा मुरला की भुट्ट्याच्या किसावर मी तोच घालायला लागले. दूध आणि कोवळ्या मक्याच्या गोडीला तो भाजलेल्या जिऱ्याचा धूर छान लागतो.

तेव्हापासून बरणीत कांदा-लसूण बंद. तो ताजा चिरून तेलात परतायचा, मग मसाला, मग सोया. चवही पुडीपेक्षा चढी येते, कारण परतलेल्या लसणापुढे वाळवलेल्याची काय कथा. पण यातच माझा एक तारा गेला. ‘बरणी उघडली की झालं’ हे सुख संपलं, चिरणं-परतणं आलं. मखाण्यांवर नुसता भुरभुरवला तर मुलं म्हणतात काहीतरी कमी आहे, आणि ते खरं आहे. त्या कामाला पुडीच सरस.

दुसरी बारीक तक्रार: जिऱ्याची पूड दोन-तीन महिन्यांत वास सोडते आणि ओट्यावर उजेडात ठेवली तर मिरचीचा रंगही उतरतो. त्यामुळे किलोने करून ठेवायचा मोह नको, महिन्यापुरताच करावा. ज्यांच्या घरी वर्षातून दोनदा, मुलांच्या वाढदिवसालाच टॅको होतात, त्यांनी सरळ पुडी आणावी. ओरेगॅनोचा डबा आणून तो पुढे कशात संपवायचा या विवंचनेपेक्षा ते स्वस्त पडेल. दर पंधरवड्याला करत असाल तर घरी करा, हिंग घालून.