स्पोर्ट्स कारची चिकट झालेली बटणे: पुन्हा रंगवावीत की नवीन घडवावीत?

१९९० च्या दशकाच्या अखेरीपासून पुढे बरीच वर्षे इटालियन स्पोर्ट्स कारच्या आतील बटणांवर, एसीच्या झरोक्यांवर आणि मधल्या कन्सोलवर मऊ, रबरासारख्या स्पर्शाचा काळा थर दिला जात असे. १९९९ मध्ये आलेली फेरारी ३६० मोडेना, २००४ ची एफ४३० आणि त्याच काळातील माझेराटीच्या गाड्या यांचे मालक या थराला आज चांगलेच ओळखून आहेत. काच खाली करण्याचे बटण दाबले की बोट चिकटते, नख लागले तर नखाखाली काळा डिंक येतो आणि बटणावरचे चिन्ह अर्धे पुसले जाते. पुण्याजवळ भोसरी किंवा चाकणच्या बाजूला स्वतःची लहान टूलरूम वा पेंट बूथ असलेल्या आणि अशा एखाद्या मालकाने ‘यावर कायमचा उपाय करून द्या’ म्हणून गाठलेल्या उद्योजकाला कोणता मार्ग निवडावा हे ठरवता यावे, यासाठी ही तुलना आहे.

दोष नेमका कुठे आहे हे आधी पाहिले पाहिजे, कारण पुढचा सगळा हिशोब त्यावर अवलंबून आहे. आतले प्लास्टिक बहुधा एबीएस किंवा पॉलिकार्बोनेट आणि एबीएसचे मिश्रण असते आणि ते वीस वर्षांनंतरही सहसा ठणठणीत निघते. खराब होतो तो त्यावरचा पॉलियुरेथेनचा मऊ थर. या थराला मऊपणा देणाऱ्या साखळ्यांमध्ये एस्टर बंध असले, तर हवेतील ओलावा ते हळूहळू तोडतो. उष्णता ती क्रिया वाढवते आणि हाताचे तेल, सनस्क्रीन, सॅनिटायझर तिला हातभार लावतात. पुण्याचे हवामान या दृष्टीने फारसे सोयीचे नाही. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीला टेकतो आणि जून ते सप्टेंबर हवा ओलसर राहते. रविवारी सकाळी लोणावळ्यापर्यंत जाऊन येणारी आणि एरवी तळमजल्याच्या पार्किंगमध्ये कव्हराखाली झाकलेली गाडी तो ओलावा आठवडाभर आत धरून ठेवते. ओलाव्याला बटण वापरात आहे की नाही याच्याशी देणेघेणे नसल्यामुळे, जुन्या साठ्यातील कोरे मूळ बटणही पाकिटातल्या पाकिटात चिकट होऊ शकते. ‘ओरिजिनल मिळत असेल तर तेच घ्या’ हा सल्ला म्हणूनच मी इथे देणार नाही. त्याच थराचे बटण घेणे म्हणजे तोच आजार पुन्हा विकत घेणे.

पहिला मार्ग जुनाच भाग सोलून पुन्हा रंगवण्याचा. तो स्वस्त आहे आणि त्याला जितके कमी लेखले जाते तितका तो कमी नाही. बटण काढून आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवले की थर मऊ होऊन नायलॉनच्या ब्रशने किंवा लाकडी काडीने निघतो. घाई करणारे कारागीर इथे थिनर किंवा ॲसिटोन वापरतात आणि तिथेच भाग हातचा जातो, कारण ॲसिटोन एबीएसला विरघळवतो आणि पॉलिकार्बोनेटमध्ये बारीक तडे पाडतो. हे तडे लगेच दिसत नाहीत. बटण परत बसवताना क्लिपचा पाय तुटतो तेव्हा कळतात. स्वच्छ झालेल्या भागावर प्लास्टिक प्रायमर आणि हार्डनर घालून वापरायचा मॅट टू-के पॉलियुरेथेन रंग द्यावा. पॉलियुरेथेन हे नाव ऐकून बिचकण्याचे कारण नाही. ॲक्रिलिक आधाराचा, घट्ट जाळे धरणारा कडक रंग आणि तो मऊ थर हे एकाच कुळातले असले तरी ओलाव्यापुढे त्यांची वागणूक अगदी वेगळी असते. मऊ स्पर्श मात्र परत मिळत नाही. तो हवाच असा मालकाचा हट्ट असेल, तर टिकाऊपणाची हमी देऊ नये.

या मार्गाची खरी अडचण रंगात नसून चिन्हांत आहे. चिन्हे मऊ थरावर छापलेली किंवा त्याच थरातून कोरलेली असल्याने थरासोबत ती जातात. रात्री उजळणाऱ्या बटणांत आतला भाग दुधी, प्रकाश आरपार जाऊ देणारा असतो, त्यावर काळा रंग असतो आणि लेसरने रंग जाळून चिन्ह उघडे केलेले असते. हे काम पुण्यात नवे नाही. नेमप्लेट आणि पार्ट मार्किंगसाठी फायबर लेसर वापरणारे जॉबवर्कवाले भोसरी-पिंपरीत सहज सापडतात. फरक पडतो तो रंगाच्या जाडीमुळे. थर सगळीकडे सारखा, साधारण पंचवीस-तीस मायक्रॉनचा असेल तर लेसर एका फेरीत स्वच्छ कडा देतो. कोपऱ्यात रंग साचलेला असेल तर दुसरी फेरी द्यावी लागते, खालचे पांढरे प्लास्टिक पिवळसर होते आणि रात्री ते एकच चिन्ह मळके दिसते. म्हणून लेसरवाल्याआधी पेंटर नीट निवडावा. न उजळणाऱ्या बटणांना पॅड प्रिंटिंग (सिलिकॉनच्या मऊ ठशाने चिन्ह छापणे) आणि त्यावर मॅट लॅकर पुरते.

मूळ भाग तुटलेला किंवा हरवलेला असेल तर सोलण्याचा प्रश्नच उरत नाही आणि नवीन भाग घडवावा लागतो. कमी संख्येसाठी व्हॅक्यूम कास्टिंग हा दुसरा मार्ग आहे. चांगल्या बटणावरून सिलिकॉनचा साचा घ्यायचा आणि निर्वातात पॉलियुरेथेन रेझिन ओतायचे. एका साच्यातून साधारण वीस-पंचवीस नग निघतात, मग कडा झिजू लागतात. पृष्ठभाग मूळ भागासारखा हुबेहूब येतो आणि दुधी रेझिन वापरता येत असल्यामुळे उजळणारी बटणेही करता येतात. उणीव दोन ठिकाणी आहे. साचा मूळ भागाचे ओरखडेही तितक्याच इमानाने उचलतो, त्यामुळे ज्यावरून साचा घ्यायचा त्या मूळ बटणावर, म्हणजे मास्टरवर, आधी मेहनत घ्यावी लागते. आणि स्वस्त रेझिन उन्हात उभ्या गाडीच्या उष्णतेत वाकते. रेझिनच्या डेटा शीटवर उष्णतेने वाकण्याचे तापमान शंभर अंश सेल्सिअसच्या खाली असेल, तर डॅशबोर्डच्या वरच्या बाजूच्या भागांसाठी मी ते घेणार नाही.

तिसरा मार्ग थ्रीडी प्रिंटिंगचा, आणि त्याबद्दल उत्साह गरजेपेक्षा जास्त आहे. घरगुती प्रिंटरवरचे पीएलए हे प्लास्टिक साठ अंशांच्या आसपास मऊ पडते, तेव्हा ते केवळ माप तपासण्यापुरते. रेझिन प्रिंट दिसायला देखणे असते, पण त्याची क्लिप ठिसूळ राहते आणि उन्हाने आणखी ठिसूळ होते. पावडरपासून घडवलेले नायलॉन १२ मात्र खरोखर उपयोगी आहे: चिवट, तेलाला दाद न देणारे आणि क्लिपसाठी उत्तम. त्याचा पृष्ठभाग खरखरीत असतो आणि त्यातून प्रकाश नीट जात नाही. म्हणून झरोक्याचे पाते, बटणामागची चौकट, न दिसणारा आधार यांसाठी ते घ्यावे, बोटाखालच्या उजळणाऱ्या बटणासाठी नाही. ॲल्युमिनियममधून कोरलेली बटणे फोटोत छान दिसतात. उन्हात ती तापतात, चिन्ह उजळत नाही आणि गाडीच्या मूळ रूपाशी त्यांचा मेळ बसत नाही.

चौथा मार्ग इंजेक्शन मोल्डिंगचा, म्हणजे वितळलेले प्लास्टिक पोलादी साच्यात (मोल्डमध्ये) दाबाने भरण्याचा. टिकाऊपणात त्याच्याशी बाकीच्यांची बरोबरी नाही, कारण यात मऊ थराची गरजच काढून टाकता येते: मॅटपणा रंगातून न आणता मोल्डच्या पोलादावर स्पार्क इरोजनने (विजेच्या ठिणग्यांनी धातू कोरून) दिलेल्या टेक्स्चरमधून आणायचा, म्हणजे काळ्या एबीएसचे बटण रंगाशिवायच वापरता येते. उजळणाऱ्या बटणांसाठी दुधी पॉलिकार्बोनेटचा शॉट (मोल्डमधली एक भरणी), त्यावर कडक रंग आणि मग लेसर हा क्रम ठेवावा. दोन रंगांचे प्लास्टिक एकाच मोल्डमध्ये भरण्याची पद्धत याहून सरस आहे, पण तिचा मोल्ड एवढ्याशा संख्येला परवडत नाही. एका वेळी एकच नग देणाऱ्या, म्हणजे एकाच कॅव्हिटीच्या साध्या मोल्डलाही दर बटणाला लाखाच्या घरातली गुंतवणूक लागते आणि एका गाडीत वेगवेगळ्या आकारांची बटणे पुष्कळ असतात, हे विसरून चालणार नाही. मापांची बाजूही नाजूक आहे. एबीएस थंड होताना साधारण ०.४ ते ०.७ टक्के आकसते. वीस मिलिमीटरच्या बटणाला हा फरक ०.०८ ते ०.१४ मिलिमीटर होतो आणि बटण कडेला घासून अडकायला तेवढा पुरतो. जुन्या बटणाचे स्कॅन जसेच्या तसे वापरू नये, कारण त्यात चिकट थराची जाडीही मोजली गेलेली असते. आधी सोलावे, मग स्कॅन करावे आणि शेजारच्या चौकटीचे भोकही मोजावे.

मार्ग कोणताही असो, गिऱ्हाइकाला ‘टिकेल’ असे सांगण्याआधी नमुना छळून पाहावा. गाड्यांच्या अंतर्भागासाठी ९० अंश सेल्सिअस तापमान आणि ९५ टक्क्यांहून अधिक आर्द्रता ७२ तास अशा प्रकारची ओलाव्याची चाचणी उद्योगात रूढ आहे आणि तसे चेंबर असलेल्या चाचणी प्रयोगशाळा पुण्यात आहेत. तेवढा खर्च नको असेल, तर तळाशी पाणी असलेल्या बंद बरणीत नवा नमुना आणि मूळ थराचा एखादा तुकडा पाण्याला न टेकवता शेजारी-शेजारी ठेवून बरणी ओव्हनमध्ये ७० अंशांवर आठवडाभर ठेवावी. मूळ तुकडा चिघळला आणि आपला जसाच्या तसा राहिला, तर ती तुलना कोणत्याही जाहिरातीपेक्षा बोलकी ठरते. त्यानंतर सनस्क्रीन चोळावे आणि रंगाची पकड पाहण्यासाठी त्यावर चौकटी चिरून टेप ओढून पाहावी.

एकाच गाडीचे काम असेल आणि भाग शाबूत असतील, तर पहिलाच मार्ग घ्यावा. दुसरे काही सुचवणे म्हणजे मालकाचा पैसा वाया घालवणे. तुटलेल्या भागांचे डझनभर संच हवे असतील तर व्हॅक्यूम कास्टिंग आणि आतल्या चौकटींना नायलॉन ही जोडी बसते. मोल्डचा विचार काही शे संचांची मागणी आगाऊ रकमेसह हातात आल्याशिवाय करू नये, आणि तेव्हाही सगळ्या बटणांसाठी नव्हे, तर काचेच्या आणि एसीच्या सर्वाधिक वापरातल्या तीन-चार बटणांपासून सुरुवात करावी. स्टिअरिंगवरची बटणे या यादीत शेवटी ठेवावीत, कारण ती काढताना एअरबॅगला हात लावावा लागतो आणि ते काम बॅटरी सोडवून, प्रशिक्षित मेकॅनिककडूनच व्हायला हवे.

कायद्याच्या बाजूने आकार आणि बोधचिन्ह यांत फरक करावा. डिझाइन्स ॲक्ट, २००० नुसार नोंदवलेल्या आकाराला जास्तीत जास्त १५ वर्षे संरक्षण मिळते, तर ट्रेडमार्कचे दर १० वर्षांनी नूतनीकरण करत राहता येते. म्हणून फेरारीचा घोडा किंवा माझेराटीचा त्रिशूळ बटणावर वा पाकिटावर घेऊ नये. काचा, दिवे आणि धोक्याचा इशारा यांची चिन्हे आयएसओ २५७५ या आंतरराष्ट्रीय मानकात ठरलेली आहेत, ती तशीच घ्यावीत. आणि मोल्ड दुसऱ्याच्या प्रेसवर चालवायला देणार असाल, तर तो कोणाच्या मालकीचा आहे, किती शॉटनंतर दुरुस्ती करायची आणि तिचा खर्च कोणी द्यायचा हे पहिल्याच चलनासोबत लिहून घ्यावे.