चालू गाडीची चावी पडली आणि मग मंडईमागचे चावीवाले मामा

आधीच सांगतो, मामांच्या या जागेला दुकान म्हणता येणार नाही. पाटी नाही, शटर नाही. पुण्यात मंडईच्या मागच्या बाजूला फुटपाथवर एक लाकडी पेटी, वर छत्री, छत्रीच्या काड्यांना लटकवलेल्या कोऱ्या चाव्या आणि पेटीवर ठोकलेला छोटा वाईस (वस्तू घट्ट पकडायचा शिकंजा). तरी माझ्याकडून पाचपैकी साडेचार. अर्धा का कापला ते पुढे येईलच.

गाडी वडिलांची, १९९८ ची हिरो होंडा स्प्लेंडर. मागच्या रविवारी जेजुरीहून येत होतो, दिवेघाट उतरून हडपसरला सिग्नलला थांबलो आणि सहज खाली बघितलं तर चावीच नाही. गाडी चालू, न्यूट्रलचा हिरवा दिवा चालू, चावी गायब. ज्यांच्याकडे जुनी स्प्लेंडर आहे ते आत्ता हसत असणार. लॉक इतकं घासलंय की ऑनवर असतानाच चावी हातात येते, त्यात वडिलांनी तिला पितळी खंडोबा अडकवलेला, शिवाय घराच्या दोन कुलपांच्या किल्ल्या, घाटातल्या कुठल्यातरी खड्ड्यात देव गाडीवरून उतरले ते उतरलेच.

या मॉडेलला किल स्विच, म्हणजे हँडलवरचं इंजिन बंद करायचं बटण, नाही, त्यामुळे घरी येऊन चौथा गिअर टाकला, ब्रेक दाबला आणि क्लच सोडला तेव्हा कुठे बंद पडली. न्यूट्रलला आणली तर हिरवा दिवा मात्र तसाच. मग शेजारच्या काकांच्या स्प्लेंडरची चावी आणली, लावली, आणि फिरली की! जुन्या स्प्लेंडरला कुणाचीही चावी लागते असं म्हणतात, ती गंमत नाहीये राव. पण तीच चावी टाकीच्या झाकणाला फिरेना, हँडललॉकला तर आतच जाईना. आणि गाडी आधीच रिझर्व्हला आलेली. म्हणजे गाडी चालू होते पण पेट्रोल टाकता येत नाही. चार दिवस जिन्याखाली साखळी घालून ठेवली.

सर्व्हिस सेंटरवाल्याने नीट ऐकूनही न घेता सांगितलं, चावी बनत नाही, पूर्ण लॉकसेट बदला, पार्ट मागवावा लागेल, आठवडा. लॉकसेट नाना पेठेत मिळतो, इग्निशन, टाकीचं झाकण, हँडललॉक, साइड कव्हरचं लॉक असा अख्खा, ते मलाही माहितीये. पण बंद झाकण काढणार कसं? गल्लीतला गॅरेजवाला म्हणाला ड्रिल मारू. अरे बाबा, लोखंडाचा कीस टाकीत पडला की पुढे कार्बोरेटरपर्यंतची कटकट कोण निस्तरणार. शेवटी ऑफिसमधल्या एकाने मामांचं सांगितलं, रिझर्व्हवरच कशीबशी नेली.

मामांचा पहिला प्रश्न, "आरसी आहे का?" आरसी बघितली, नंबर प्लेटशी ताडली, मग पेटी उघडली. हे मला फार आवडलं, कारण बाकी दोन ठिकाणी कुणी विचारलंही नव्हतं.

मला वाटलं इग्निशनवरूनच चावी काढतील. तर म्हणाले, "ते लॉक म्हातारं झालंय दादा, त्याला खरं-खोटं कळत नाही. कमी वापरलेलं लॉक दाखवा." साइड कव्हरचं! बॅटरीसाठी वर्षातून एकदा उघडलं तर उघडलं. वाकवलेल्या तारेने ते दोन-तीन मिनिटांत उघडून कव्हर मांडीवर घेतलं. मग कोरी चावी मेणबत्तीवर धरून काळी केली, लॉकमध्ये घालून हलकेच डावी-उजवी, बाहेर काढली तर काजळीवर बारीक खुणा, जिथे आतल्या पत्त्या अडतात तिथे. तेवढंच कानशीने घासायचं, परत काळी करायची, परत घालायची. असं किती वेळा केलं मोजलं नाही पण अर्धा तास तरी गेला असेल, मध्ये एका बाईंचं कपाटही फोनवर निम्मं उघडून झालं. आणि मग टक्. कव्हरचं लॉक फिरलं. तीच चावी टाकीला, थोडी अडली, पण फिरली. हँडललॉकला लोण्यासारखी.

डुप्लिकेट मी दोन घेतल्या. मामांचं म्हणणं, झिजलेल्या चावीवरून डुप्लिकेट काढली की झीजपण कॉपी होते, तिच्यावरून तिसरी काढली तर अजून बिघडते, म्हणून आत्ता नवी आहे तोवर काढून घ्या आणि एक घरात ठेवा, वापरू नका. आमच्याकडे गेली वीस वर्षं नेमकं उलटं चाललेलं. टाकीच्या लॉकमध्ये मी तेल सोडणार होतो तर हात धरला, तेलाला धूळ चिकटते, पेन्सिलीच्या शिशाची पूड टाका म्हणाले.

एकूण ५२० रुपये. चावीचे ४००, डुप्लिकेट साठ-साठ. कुणाला महाग वाटेल, मला नाही वाटलं.

अर्धा मार्क यासाठी कापला की पावती वगैरे काही नाही, फोन बहुतेक वेळा उचलत नाहीत, गाडी लावायला जागा शोधण्यातच वीस मिनिटं जातात, आणि पावसात बसतात की नाही देव जाणे. आणि हो, इग्निशनमधून चावी अजूनही ऑनवर बाहेर येतेच. तो त्यांचा दोष नाही, त्यांनी आधीच स्पष्ट सांगितलेलं की नवी चावी म्हातारं लॉक तरुण करत नाही. इग्निशन स्विच एकटा बदलला तर दोन चाव्या सांभाळाव्या लागतील, म्हणून तूर्त चावीला सुतळी बांधून हँडलला अडकवलीये आणि कीचेन लावलेलंच नाही. वडील नवा खंडोबा आणायचं म्हणतायत, मी विषय टाळतोय.

जाणार असाल तर आरसी घेऊन जा, सकाळी जा, आणि साइड कव्हर स्वतः तोडून नेऊ नका. काकांची चावी परत द्यायची राहिलीये, ती आज देतो.